विक्री बंद केलेल्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा कोड खुला करायला लावा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातम्या तुमच्या पेपरात आता रोजच असतात आणि बातमीखालच्या चौकटीत सल्लाही ठरलेला असतो, की अँटीव्हायरस टाका, फायरवॉल लावा, लायसन्सचंच सॉफ्टवेअर वापरा. सल्ला बरोबर आहे, माझा धंदाच तो आहे, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातल्या पतपेढ्या, विकास सोसायट्या, जिनिंग, केळीचे ग्रुप, शाळा, दवाखाने यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क मी सांभाळतो. पण याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. समजा पैसे भरून लायसन्सचं सॉफ्टवेअर घेतलं, तीन वर्षांचे पैसे आधीच देऊन टाकले आणि मग त्या कंपनीनेच ते प्रॉडक्ट बंद केलं, तर गिऱ्हाइकाने काय करायचं? यावर माझं म्हणणं सरळ आहे आणि ते मांडायलाच हे पत्र लिहितोय. जी कंपनी सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर विकायचं थांबवते, तिने त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, ओपन सोर्स करून टाकावा, म्हणजे कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल असा खुला करावा, आणि आपल्या सहकारी संस्थांनी ही अट खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावी.

उदाहरण सांगतो. यावल तालुक्यातल्या एका पतपेढीत काउंटरच्या मागे लोखंडी कपाट आहे, त्याच्यावर फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेटवरून आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते ठरवणारा, बॉक्स ठेवलाय. मे महिन्यात त्या खोलीत पंखासुद्धा गरम हवा फेकतो म्हणून बॉक्सच्या खाली दोन लाकडी पट्ट्या घालून तो वर उचललेला आहे, खालून हवा खेळती राहावी म्हणून. मागच्या बाजूला पेन ड्राइव्हसारखं डोंगल लावलंय, झाडू मारताना कुणी उपटू नये म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर मॅनेजर भाऊंनी मार्करने लिहिलंय, 'हात लावू नये'. इतकं जपून ठेवलेला बॉक्स. हेड ऑफिस आणि शाखा यांच्यातला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी खाजगी जोडणी, त्याच्यावरच चालायचा, कुठल्या कॉम्प्युटरला इंटरनेट द्यायचं आणि कुठल्याला नाही हे पण तोच ठरवायचा.

ज्या कंपनीचा तो होता ती मोठ्या कंपनीने विकत घेतली. मोठ्या कंपनीला गिऱ्हाईक पाहिजे होतं, प्रॉडक्ट नको होतं, कारण तिचं स्वतःचं प्रॉडक्ट होतंच. मग एक मेल आला की अमुक तारखेनंतर अपडेट मिळणार नाही, आणि त्या तारखेनंतर लायसन्स सर्व्हरही बंद झाला. आता लाइट गेली आणि बॉक्स पुन्हा सुरू झाला की तो आधी लायसन्स सर्व्हर शोधतो, सर्व्हर सापडत नाही, मग ॲडमिन पेजवर लाल पट्टी येते की लायसन्सची खात्री झाली नाही आणि थोड्या दिवसांनी व्हीपीएन आपोआप बंद पडतो. आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि अपडेट नाही म्हणजे त्या बॉक्सच्या सिक्युरिटीत जी भोकं नंतर जगजाहीर झाली ती कायमची उघडी. समोरून मात्र लाइट हिरवाच दिसतो, म्हणून संचालक मंडळाला वाटतं सगळं ठीक आहे. माझ्या मते हेच सगळ्यात धोक्याचं आहे, कारण फायरवॉलच नसली तर माणूस निदान सांभाळून वागतो.

मी कंपनीला मेल टाकला, की तुम्हाला हे विकायचं नसेल तर राहू द्या, पण कोड खुला करा, तेही जमत नसेल तर लायसन्स तपासणी काढून टाकणारं एक शेवटचं अपडेट तरी द्या. उत्तर आलं की कंपनीच्या धोरणात ते बसत नाही आणि आमच्या नवीन प्रॉडक्टवर तुम्हाला डिस्काउंट मिळेल. मॅनेजर भाऊंनी मला विचारलं, "आपण तर विकत घेतलंय ना हे, मग आपलं नाही का ते?" कागदावर बघितलं तर नाही. लायसन्सच्या करारात फक्त वापरायची परवानगी असते आणि ती परवानगी कंपनी जिवंत आहे आणि तिची मर्जी आहे तोपर्यंतच उपयोगाची. बॉक्स चांगला, आतलं मशीन चांगलं, पण तो आता भंगार. नवीन घ्यायचा तर कोटेशन मागवा, मीटिंग लावा, ठराव करा, ऑडिटरला उत्तर द्या, आणि पैसा शेवटी सभासदांच्या ठेवीच्या व्याजातूनच जाणार.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. २०२४ साली अमेरिकेने कॅस्परस्की या रशियन अँटीव्हायरसवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर सप्टेंबर महिन्यात जुनं अँटीव्हायरस आपोआप निघालं आणि त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचं दुसरंच येऊन बसलं, कित्येकांना तर ते आल्यावरच कळलं. बंदी बरोबर की चूक तो राजकारणाचा विषय आहे, मी त्यात पडत नाही. पण पैसे देणाऱ्या माणसाच्या मशीनवर पहारा कुणी द्यायचा हे त्याला न विचारता ठरलं, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

आता कोड खुला करायचा म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला. भाऊ, चोराला कुलपाचा नकाशा देताय का? संचालक मंडळात हाच प्रश्न येतो आणि प्रश्न चुकीचा नाही, म्हणून नीट उत्तर देतो. ऑगुस्त केर्कहॉफ्स नावाच्या माणसाने १८८३ सालीच लष्करी गुप्त लिपीबद्दल लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी चालेल अशी असली पाहिजे, गुप्त राहायला पाहिजे ती फक्त किल्ली. आज आपल्या मोबाईलमध्ये, बँकेच्या वेबसाइटमध्ये, व्हीपीएनमध्ये जे एईएस नावाचं एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती गुप्त लिपीत बदलायची पद्धत, चालतं ते असंच निवडलं गेलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने १९९७ मध्ये जगभरातून पद्धती मागवल्या, पंधरा जण स्पर्धेत उतरले, सगळ्यांच्या पद्धती उघड्यावर मांडल्या, जगातल्या तज्ज्ञांना सांगितलं की मोडून दाखवा, आणि २००० साली दोन बेल्जियन माणसांची, योआन डेमन आणि विन्सेंट रायमेन यांची पद्धत निवडली. २००१ मध्ये ती स्टँडर्ड झाली. सगळा तपशील जाहीर आहे, कॉलेजच्या पोराला पण वाचता येतो, आणि तरी ती आजपर्यंत टिकून आहे. जळगावच्या सराफात सोन्याचा कस गिऱ्हाइकासमोर लावतात, आतल्या खोलीत नेऊन नाही, तसंच आहे हे.

आणि कोड लपवून ठेवला म्हणजे तो लपलेलाच राहतो असं कुणी समजू नये. सिमँटेक एवढी मोठी कंपनी, नॉर्टन अँटीव्हायरसवाली, तिच्या जुन्या प्रॉडक्टचा २००६ च्या सुमाराचा सोर्स कोड चोरांच्या हाती लागल्याचं २०१२ मध्ये बाहेर आलं. त्यातच पीसीएनीव्हेअर हे दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर होतं, आणि कंपनीला स्वतःच गिऱ्हाइकांना सांगावं लागलं की तूर्तास ते बंद ठेवा. म्हणजे कोड चोराकडे होता, कंपनीकडे होता, फक्त ज्याने पैसे दिले होते त्याच्याकडे नव्हता आणि त्याच्या बाजूने तपासू शकेल अशा कुठल्या तज्ज्ञाकडेही नव्हता. कोड बंद ठेवला की बहुतेक वेळा असंच होतं, ज्याला घुसायचं आहे तो मेहनत करून आतलं काढतोच आणि प्रामाणिक माणूस मात्र बाहेरच उभा राहतो.

सिक्युरिटी सॉफ्टवेअरबद्दल मी इतका आग्रह का धरतो? बिलिंगचं सॉफ्टवेअर चुकलं तर बिल चुकतं. सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या सगळ्यात आतल्या भागात, कर्नलमध्ये बसतं, प्रत्येक फाइल उघडून बघतं, येणारं जाणारं डेटाचं प्रत्येक पाकीट तपासतं, आणि ते काय करतंय हे बघायची सोय बाकी कुणाला नसते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका चुकीच्या अपडेट फाइलने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका सकाळीत बसवले, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. कोड खुला असता तर ते झालंच नसतं असं मी म्हणणार नाही, तो दावा खोटा होईल. पण एवढी ताकद ज्या सॉफ्टवेअरच्या हातात असते त्याला कंपनी सोडून गेल्यावर कुणी वालीच राहणार नाही, ही व्यवस्था चालू देता कामा नये.

आणि सहकारातल्या लोकांनी हे दुसऱ्याचं दुखणं समजू नये. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये एटीएमच्या सिस्टिममध्ये मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. जुलै २०२४ मध्ये छोट्या बँकांना सर्व्हिस देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पडलं तर देशातल्या जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे पैशांचे व्यवहार अडकले. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ आणि २०१९ मध्ये सायबर सुरक्षेचे नियम तरी आणले, पतपेढ्या सहकार खात्याखाली येतात, तिथे बराचसा कारभार सेक्रेटरी आणि माझ्यासारखा बाहेरचा माणूस यांच्या भरवशावर चालतो.

बरं, कोड खुला करणं म्हणजे झिप फाइल इंटरनेटवर टाकून हात झटकणं नाही, हे पण स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण काही कंपन्या एवढंच करून टाळ्या घेतील. पहिलं म्हणजे लायसन्स. कोड नुसता दिसला पण बदलायची आणि वाटायची परवानगी नीट लिहिलेली नसली तर पुढे कोणी हात लावत नाही. जीपीएल किंवा अपाची यासारखं ओळखीचं लायसन्स पाहिजे, कंपनीच्या वकिलाने घरी बनवलेलं नको. मग तो कोड बिल्ड कसा करायचा, म्हणजे त्यापासून चालणारं सॉफ्टवेअर कसं बनवायचं, कुठला कंपायलर, कुठल्या फाइली, हे सगळं पाहिजे, नाहीतर लाखो ओळींचा कोड नुसता वाचत बसायचा. नवीन अपडेट कुठून घ्यायचं तो सर्व्हरचा पत्ता गिऱ्हाइकाला बदलता आला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे बॉक्स फक्त कंपनीची डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअरच चालू देतात, ते कुलूप मालकाला स्वतःची किल्ली बसवून उघडता आलं पाहिजे. कंपनीने आपली स्वतःची सहीची किल्ली वाटू नये, ती गेली तर कोणीही कंपनीच्या नावाने खोटं अपडेट बनवेल. पण मालकाला स्वतःच्या बॉक्सवर स्वतःची किल्ली घालायची सोय द्यायला काय हरकत आहे? ही सोय नाही म्हणून तर आमच्या पतपेढीचा बॉक्स अडकून पडलाय, बूटच, म्हणजे मशीन चालू होण्याची पायरीच, लॉक आहे, दुसरं काही टाकताच येत नाही.

कंपन्या म्हणतात की आमच्या कोडमध्ये दुसऱ्यांकडून लायसन्सवर घेतलेले भाग असतात, ते आम्ही कसे खुले करणार. खरी अडचण आहे ती. पण नेटस्केप या ब्राउजर बनवणाऱ्या कंपनीला हीच अडचण होती. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आमच्या ब्राउजरचा कोड खुला करतो, आणि ३१ मार्चला केला पण, दुसऱ्यांचे भाग काढून टाकले, अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे एन्क्रिप्शनचा भाग तेव्हा वगळावा लागला, जागोजागी खड्डे राहिले, ते लोकांनी नंतर भरले आणि त्यातूनच मोझिला आणि पुढे फायरफॉक्स उभा राहिला. करायचं असेल तर होतं.

प्रत्येक प्रकारच्या प्रॉडक्टला मात्र याचा सारखाच फायदा नाही. फायरवॉल, व्हीपीएन, डिस्क एन्क्रिप्शन, पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर, यांचा कोड मिळाला तर ते वर्षानुवर्षं चालू ठेवता येतं. अँटीव्हायरसचं तसं नाही, त्याचं इंजिन मिळालं तरी रोजच्या नवीन व्हायरसच्या ओळखीच्या फाइली कोण बनवणार, त्यासाठी लॅब आणि पगारी माणसं लागतात. क्लॅमएव्ही हे ओपन सोर्स अँटीव्हायरस चालतं कारण त्याच्या मागे आधी सोर्सफायर ही कंपनी होती आणि आता सिस्को ही मोठी नेटवर्क कंपनी उभी आहे. म्हणून बंद पडलेल्या अँटीव्हायरसच्या बाबतीत मी एवढंच मागेन की ते स्वच्छपणे मशीनवरून निघावं आणि संशयित म्हणून क्वारंटाइनमध्ये बाजूला अडकवलेल्या फाइली परत मिळाव्या. फायरवॉलच्या बाबतीत मात्र पूर्ण कोड, त्याच्यापेक्षा कमी नाही.

फायरवॉलच्या बाबतीत हे होऊ शकतं याला दाखले आहेत. मोनोवॉल नावाची ओपन सोर्स फायरवॉल होती, तिच्या कर्त्याने २०१५ मध्ये काम थांबवलं, तेव्हा तिच्याच घराण्यातली ओपीएनसेन्स उभी होती आणि त्याने स्वतःच लोकांना सांगितलं की तिकडे जा. व्याटा नावाचं राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर होतं, कंपनी २०१२ मध्ये ब्रोकेड नावाच्या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि फुकट आवृत्ती बंद पडली, तर लोकांनी आधी खुल्या असलेल्या कोडवरून व्हायओएस काढलं, ते आजही चालतंय. दोन्ही ठिकाणी करणाऱ्याने काम सोडलं पण वापरणारा रस्त्यावर आला नाही. आमच्या पतपेढीच्या बॉक्समध्ये आणि यांच्यात फरक एवढाच की यांचा कोड आधीपासून लोकांच्या हातात होता.

दुसरा आक्षेप आहे तो मला चोराच्या आक्षेपापेक्षा जड वाटतो. कोड खुला झाला, पण बघणार कोण? एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे जगातल्या अर्ध्याअधिक वेबसाइट एन्क्रिप्शनसाठी ज्याच्यावर अवलंबून होत्या त्या सॉफ्टवेअरमध्ये. ते भोक दोन वर्षं तिथे होतं, कोड सगळ्यांसाठी उघडा असताना. एवढं मोठं सॉफ्टवेअर सांभाळायला पूर्णवेळ माणूस होता एक. मोठमोठ्या कंपन्या ते फुकट वापरून करोडो कमवत होत्या आणि सांभाळणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. त्यानंतर मग लिनक्स फाउंडेशन या संस्थेने अशा सॉफ्टवेअरसाठी कंपन्यांकडून पैसे गोळा केले. मार्च २०२४ मध्ये उघड झालं की एक्सझेड नावाच्या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी आधी विश्वास कमावून मग चोरदरवाजा बसवलाय, आणि तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला म्हणून. कोड उघडा होता म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला हे खरं, पण एकट्यावर भार टाकलेला सांभाळणारा थकला होता म्हणून चोर आत शिरला हे पण तितकंच खरं.

म्हणून मी म्हणतो की खुलं म्हणजे फुकट असं समजून आपण बसलो तर काही उपयोग नाही. नेसस नावाचं नेटवर्कची भोकं शोधणारं सॉफ्टवेअर १९९८ पासून ओपन सोर्स होतं, २००५ मध्ये कंपनीने पुढची आवृत्ती बंद कोडची केली, वापरणारे भरपूर आणि हातभार लावणारे थोडे हे त्यामागचं एक कारण होतं. जुन्या खुल्या कोडवरून मग ओपनव्हास निघालं, म्हणजे तेव्हाही लोक उघडे पडले नाहीत, पण कंपनीचं दुखणं खोटं नव्हतं. उलट्या बाजूला स्नॉर्ट बघा, हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर, मार्टिन रोश यांनी १९९८ मध्ये लिहिलं, कोड खुला ठेवून त्याच्या आधारावर सोर्सफायर कंपनी काढली, लोक सपोर्ट आणि नियमांच्या अपडेटचे पैसे द्यायचे, आणि २०१३ मध्ये सिस्कोने ती कंपनी २.७ अब्ज डॉलरला घेतली. कोड उघडा केला म्हणजे कंपनी बुडते असं नाही, पण गिऱ्हाइकाने सर्व्हिसचे पैसे द्यायची तयारी ठेवली पाहिजे.

आणि पैसे गोळा करायचं म्हटलं तर खान्देशाला ते शिकवायची गरज आहे का? दूध संघ, जिनिंग-प्रेसिंग सोसायट्या, फ्रूट सेल सोसायट्या, सगळं आपल्या आजोबा-पणजोबांनी थोडं थोडं भागभांडवल जमवूनच उभं केलं. सॉफ्टवेअरमध्ये पण हे झालंय. ब्लेंडर नावाचं थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं होतं, २००२ मध्ये कंपनी बुडाली, पैसे लावणारे म्हणाले की १ लाख युरो द्या तर कोड मोकळा करतो. टॉन रोझेन्डाल यांनी वापरणाऱ्यांना वर्गणीचं आवाहन केलं, सात आठवड्यांत पैसे जमले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये कोड जीपीएलखाली खुला झाला. आज आपल्या जळगाव-धुळ्याची पोरं ॲनिमेशन शिकतात ती त्याच्यावरच. एका पतपेढीला फायरवॉल सांभाळायला माणूस ठेवणं परवडणार नाही, पण जिल्ह्यातल्या संस्थांनी मिळून दोन-तीन चांगली पोरं पगारावर ठेवली तर? आज प्रत्येक संस्था वेगवेगळ्या कंपनीला दरवर्षी लायसन्स रिन्यूचे पैसे देते, त्याच्याच एका भागात हे बसेल असं मला रोजचे व्यवहार बघून वाटतं.

पोरं कुठून आणायची असं कुणी विचारू नये. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आपल्याकडे १९९० पासून आहे, जळगाव, भुसावळ, फैजपूर, धुळे, शिरपूर सगळीकडे इंजिनियरिंगची कॉलेजं आहेत. फायनल इयरच्या प्रोजेक्टला बहुतेक ठिकाणी लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर हॉटेल बुकिंग, तेच ते. त्याऐवजी खऱ्या फायरवॉलचा कोड हातात द्या ना. एका केळीच्या ग्रुपकडे मी ओपन सोर्स फायरवॉल बसवली होती, तिच्या रिपोर्टमध्ये युजरची मराठी नावं आली की पीडीएफमध्ये नुसते चौकोन दिसायचे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या फैजपूरच्या एका पोराने रात्री बसून तो रिपोर्ट बनवणारा कोड शोधला, फॉन्ट जिथे ठरतो ती जागा सापडली, तिथे देवनागरी असलेला फॉन्ट लावला, आणि सकाळी चौकोनांच्या जागी 'पाटील' आणि 'महाजन' नीट दिसायला लागले. बंद कोडच्या बॉक्सबाबत हीच तक्रार मी कंपनीला किती वेळा केली, दर वेळी तिकीट नंबर मिळायचा आणि तिकीट आपोआप बंद व्हायचं. त्या पोराला आता विचारा फायरवॉल आतून कशी चालते, पुस्तक न बघता सांगेल.

सरकारला यात नवीन काही शोधायचं नाही. केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण २०१५ पासून आहे, सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करण्याचं धोरणही त्याच वर्षीचं. कोरोनाच्या काळात आरोग्य सेतू ॲपवर इतकी टीका झाली, तेव्हा २६ मे २०२० ला त्याच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला आणि चूक दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. करोडो लोकांच्या मोबाईलमधल्या ॲपबद्दल हे करता येतं तर पतपेढीच्या फायरवॉलबद्दल निदान अट घालता येईल. सहकार खात्याने, आमच्या डीडीआर म्हणजे जिल्हा उपनिबंधक ऑफिसने, संस्थांच्या खरेदीसाठी एक ओळ ठरवून दिली तरी कंपन्यांना ऐकावं लागेल, कारण एकट्या पतपेढीचं कुणी ऐकत नाही पण पूर्ण जिल्ह्याचं गिऱ्हाईक कुणी सोडत नाही.

ती ओळ मी माझ्या परीने लिहून देतो, वकील लोकांनी तिला व्यवस्थित करावं. 'कंपनीने हे प्रॉडक्ट किंवा त्याचे सिक्युरिटी अपडेट बंद केल्यास, कंपनी बंद झाल्यास किंवा विकली गेल्यावर नवीन मालकाने अपडेट थांबवल्यास, ९० दिवसांच्या आत संपूर्ण सोर्स कोड आणि तो बिल्ड करण्याच्या फाइली मान्यताप्राप्त ओपन सोर्स लायसन्सखाली जाहीर कराव्यात, लायसन्स तपासणी काढून टाकणारे शेवटचे अपडेट द्यावे आणि खरेदीदाराला स्वतःची किल्ली बसवता येईल असे बूट लॉक उघडावे.' कंपनीच बुडाली तर ही अट पाळायला कोण उरणार असं कुणी विचारेल, त्यासाठी कोडची एक प्रत आधीच तिसऱ्याच्या ताब्यात ठेवायची एस्क्रोची पद्धत मोठ्या बँका वापरतात, जिल्ह्याने मिळून केली तर आपल्यालाही परवडेल. जी कंपनी या ओळीवर सही करायला तयार नाही तिच्याकडून निदान लेखी घ्या की अपडेट किती वर्षं देणार, आणि ते कोटेशनसोबत मीटिंगमध्ये वाचून दाखवा, मग स्वस्त-महागाचा हिशोब वेगळाच दिसेल.

तुमच्या पेपरने पतपेढी फेडरेशन, डीडीआर ऑफिस आणि विद्यापीठ यांना एकत्र बसवून यावर चर्चा घडवली तर खूप बरं होईल, मी माझ्याकडचे सगळे मेल आणि करारांच्या प्रती घेऊन यायला तयार आहे.

तोपर्यंत ज्यांच्या ऑफिसात असा जुना बॉक्स आहे त्यांनी एवढं करून घ्या. बॉक्सच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेल बघा आणि कंपनीच्या साइटवर त्याचा सपोर्ट कधी संपतो किंवा संपलाय ते तपासा. बाहेरून इंटरनेटवरून ॲडमिन पेज उघडत असेल तर ते आधी बंद करा, पासवर्ड बदला. ॲडमिन पेज उघडतंय तोवर सेटिंगची फाइल एक्स्पोर्ट करून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि सगळे नियम छापील कागदावर पण काढा, कारण ती फाइल दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सला वाचता येत नाही. मग तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारा की आतला प्रोसेसर साधा इंटेल किंवा एएमडीचा आहे का आणि यूएसबीवरून बूट होतो का. होत असेल तर त्याच्यावर ओपीएनसेन्ससारखी फायरवॉल बसू शकते आणि बॉक्स भंगारात द्यायची गरज नाही. होत नसेल तर त्याला इंटरनेटच्या तोंडावरून काढा, आणि हे काम मार्च एंडच्या गर्दीत नाही तर आत्ताच करा.

आपला,
नेटवर्किंग आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचा व्यवसाय करणारा एक वाचक,
भुसावळ, जि. जळगाव